रोमची यात्रा : रोजच्या खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

करकंब (ता. पंढरपूर, जि. सोलापूर) : रोमला जाऊन संत पेत्राच्या महामंदिरात गुडघे टेकावेत, ही इच्छा अनेक कॅथलिक कुटुंबांत वर्षानुवर्षे जपली जाते. २०२५च्या ज्युबिली वर्षात ती अधिकच तीव्र झाली. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पवित्र द्वार उघडले आणि ६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ते बंद केले. या वर्षभरात ज्यांना जाणे जमले नाही, अशी कुटुंबे आता पुढील काही वर्षांचा विचार करीत आहेत. प्रभू येशूच्या मरण-पुनरुत्थानाला दोन हजार वर्षे पूर्ण होण्याचे स्मरण २०३३ साली होणार असल्याने काहींची नजर त्या वर्षावरही आहे. प्रश्न येतो तो पैशांचा. ‘एकूण किती लागतील?’ असे विचारले की कोणी दीड लाख सांगतो, कोणी चार लाख. दोन्ही उत्तरे खरी असू शकतात आणि दोन्ही निरुपयोगीही, कारण किती दिवस, किती माणसे आणि कोणत्या महिन्यात, हे त्यांत सांगितलेले नसते. म्हणून एकूण रकमेपेक्षा एका दिवसाचा खर्च आधी मांडावा, हे या लेखाचे म्हणणे आहे.

आपल्या भागाला हा हिशेब नवीन नाही. करकंब हे पंढरीच्या वाटेवरचे गाव. आषाढीला निघणारी दिंडी आपले मुक्काम आधी ठरवते, माणशी ठरावीक रक्कम घेते, त्यात जेवण, तंबू व सामानाच्या गाडीचा खर्च भागवते. वारकऱ्याच्या कनवटीला उरतात ते चहापाण्याचे आणि दानधर्माचे पैसे. मुक्काम, अन्न, वाहन आणि हातखर्च हे चार खण तिथे आपोआप पडलेले असतात. रोमला जातानाही खण हेच, फक्त चलन बदलते आणि चुकले तर सावरायला गावाकडचे कोणी जवळ नसते.

पूर्वीच्या यात्रेकरूंनाही हा हिशेब चुकला नव्हता. इ.स. १३०० मध्ये पोप बोनिफास आठवे यांनी पहिले ज्युबिली वर्ष जाहीर केले, तेव्हा रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस आणि परगावच्या भाविकांनी पंधरा दिवस संत पेत्र व संत पौल यांच्या महामंदिरांना भेट द्यावी, असे सांगितले होते. पंधरा दिवस भेट म्हणजे पंधरा दिवसांची खाण्यापिण्याची व निवाऱ्याची सोय! गरीब यात्रेकरूंचे यात फार हाल होत. संत फिलिप नेरी यांनी १५४८ साली रोममध्ये पवित्र त्रैक्याच्या नावाने जो बंधुसंघ स्थापिला, त्याने १५५०च्या ज्युबिलीत अशा थकल्याभागल्या यात्रेकरूंना आसरा दिला, जेवू घातले, त्यांचे पाय धुतले. आज तसा मोफत आसरा गृहीत धरून कोणी निघू नये. मात्र धर्मभगिनींच्या व धर्मसंघांच्या अतिथिगृहांची परंपरा रोममध्ये टिकून आहे आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला तिचाच मोठा आधार आहे.

गाव सोडण्यापूर्वीचा खर्च

प्रथम दोन वह्या कराव्यात. एकीत असा खर्च लिहावा, जो तुम्ही रोमला दोन दिवस राहा की दहा दिवस, तेवढाच होतो. पारपत्र, व्हिसा, विमा, विमानाचे तिकीट आणि मुंबईपर्यंतचे जाणेयेणे हे सारे तिथे येते. छत्तीस पानांच्या साध्या पारपत्राचे शुल्क १,५०० रुपये आहे. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो झाले. सहा वर्षांखालील बालकांना ते नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क याशिवाय. किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि त्यासाठी बारा वर्षांवरील प्रत्येकाला स्वतः केंद्रावर हजर राहावे लागते. म्हणजे करकंबच्या कुटुंबाला कुर्डुवाडीहून मुंबई गाठणे आले, एखादी रात्र मुक्काम आला, परत येणे आले. हा खर्च बहुतेकांच्या हिशेबातून निसटतो. चार माणसांच्या घराला तो काही हजारांत जातो. एकदा दिलेले ठसे सुमारे पाच वर्षे, नेमके सांगायचे तर ५९ महिने, पुन्हा वापरता येतात. पूर्वी युरोपला जाऊन आलेल्यांनी हे जरूर विचारून घ्यावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही. ‘तिकीट काढलेय, आता व्हिसा मिळेलच’ या भरवशावर ऊसबिलाची सगळी रक्कम आगाऊ भरणे, सोने गहाण टाकणे किंवा जनावर विकणे हे कोणत्याही कुटुंबाने करू नये. अर्जासोबत तिकिटाचे आरक्षण दाखवायचे असते. ते रद्द केल्यास किती रक्कम परत येईल, हे पैसे भरण्याआधीच लेखी घ्यावे.

एका दिवसाची किंमत

दुसऱ्या वहीत एका दिवसाचा खर्च. विशेष म्हणजे इटलीच्या सरकारनेच असा एक आकडा ठरवून ठेवला आहे. तेथील गृहमंत्रालयाच्या १ मार्च २००० च्या निर्देशात, परकीय पाहुण्याकडे निर्वाहापुरते किती पैसे असावेत याचा तक्ता आहे. सहा ते दहा दिवसांच्या मुक्कामाला एकट्या माणसाने दिवसाला ४४.९३ युरो, तर दोन किंवा अधिक जण एकत्र असल्यास माणशी २६.३३ युरो दाखवावेत, असे तो सांगतो. व्हिसाच्या कागदपत्रांत या तक्त्याचा उल्लेख येतो आणि अनेक जण त्यालाच अंदाजपत्रक समजतात. तसे समजू नये. हा प्रवेशाचा उंबरठा आहे, तोही पंचवीस वर्षांहून जुना. रोममध्ये आज दोघांना २६-२६ युरोंत एक दिवस काढायचा म्हटले तर खोलीचे भाडेसुद्धा निघणार नाही.

मग खरा आकडा कोणता? एक नमुना मांडून पाहू. करकंबचे एक मध्यमवयीन जोडपे सात रात्रींसाठी जाणार आहे, असे धरू. २०२५ मध्ये एका युरोने शंभर रुपयांची पातळी ओलांडली, म्हणून हिशेबाला ११० रुपये दर घेऊ. दर थोडा चढा धरलेला बरा.

धर्मभगिनींच्या अतिथिगृहात दोघांच्या खोलीला, सकाळच्या नाश्त्यासह, ९० युरो धरले. रोम महानगरपालिका पाहुण्यांकडून दरडोई दर रात्री मुक्कामकर घेते. ऑक्टोबर २०२३ पासून वाढवलेला हा कर निवासाच्या दर्जानुसार साधारण चारपासून दहा युरोंपर्यंत जातो. दहा वर्षांखालील मुलांना तो लागत नाही आणि सलग दहा रात्रींनंतर आकारला जात नाही. आरक्षणाच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो, निघताना द्यावा लागतो. दोघांचे मिळून १० युरो लिहू. दुपारी वजनावर मिळणारा पिझ्झा आणि एखादे फळ असे दोघांचे १६ युरो, रात्री साध्या खाणावळीत ३०, दोन वेळची कॉफी ६. बस व भुयारी रेल्वेला ९. प्रवेश-तिकिटांची सरासरी १४. मेणबत्ती, दान, दूरध्वनी, लहानसहान वस्तू यांना १०. बेरीज झाली १८५ युरो. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी धरले की सुमारे २०४ युरो, म्हणजे दोघांचे दिवसाला २२,४४० रुपये, माणशी ११,२२०. सात दिवसांचे १,४२८ युरो, अर्थात १,५७,०८० रुपये.

हे आकडे पाठ करण्याचे नाहीत, ते आपल्या परिस्थितीनुसार बदलायचे आहेत. तिघे-चौघे एका खोलीत राहिले तर माणशी खर्च झपाट्याने उतरतो. ईस्टर, मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे गर्दीचे दिवस. त्या काळात खोलीचा आकडा दीडपट झाला तरी नवल नाही. नाताळचे दिवस वगळता नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ स्वस्त असतो. थंडी सोसण्यासारखी असते, पण वृद्धांनी गरम कपड्यांचा खर्च पहिल्या वहीत लिहावा. धर्मभगिनींच्या अतिथिगृहांविषयी एवढे ध्यानात ठेवावे की अनेक ठिकाणी रात्री अकराच्या सुमारास दार बंद होते आणि काही ठिकाणी रोख रक्कमच घेतात.

सर्व दिवस सारखे नसतात

दररोज २०४ युरो या आकड्याचा अर्थ दररोज तेवढेच खर्च करायचे असा नव्हे. रोममध्ये भाविकाला हवे असलेले बरेचसे विनामूल्य आहे. संत पेत्र, लॅटरनचे संत योहान, थोर संत मारिया आणि तटाबाहेरील संत पौल या चारही महामंदिरांत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पोप फ्रान्सिस यांची कबर थोर संत मारियेच्या महामंदिरात आहे, तेथेही नाही. लॅटरनसमोरचा पवित्र जिना गुडघ्यांवर चढायलाही नाही. बुधवारी सकाळी होणाऱ्या पोप महोदयांच्या सार्वजनिक भेटीचे प्रवेशपत्र मोफत असते. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तो केवळ आपल्या अज्ञानाची किंमत मागत आहे. रविवारी पोप महोदय रोममध्ये असतात तेव्हा दुपारी बारा वाजता खिडकीतून भाविकांबरोबर प्रार्थना करतात. चौकात उभे राहायला प्रवेशपत्रही लागत नाही.

पैसे लागतात ते संग्रहालयांना. व्हॅटिकन संग्रहालयाचे तिकीट २० युरो असून घरबसल्या आरक्षण केल्यास ५ युरो अधिक पडतात. सिस्टाइन प्रार्थनालय याच तिकिटात पाहता येते. कोलोसियमला १८ युरो. पँथिऑन हे प्राचीन मंदिर आज चर्च आहे. पर्यटकांना तेथे जुलै २०२३ पासून ५ युरो पडतात, मिस्सेसाठी येणाऱ्या भाविकांना नाही. या तिन्ही ठिकाणांचे दोघांचे ९६ युरो होतात. सात दिवसांवर विभागले की वर लिहिलेले १४ युरो येतात.

म्हणून महागडा दिवस आणि मोफत दिवस आलटून पालटून ठेवावेत. बुधवारी भेट, रविवारी चौक, मधल्या एका दिवशी चार महामंदिरांपैकी दोन. संग्रहालय सोमवारी किंवा शुक्रवारी. रविवारी व्हॅटिकन संग्रहालय बंद असते. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा, त्या दिवशी सकाळी ते मोफत उघडते, पण रांग पाहून म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाण्याचे धाडस करू नये. २५ युरो वाचवण्यासाठी आईवडिलांना तीन तास उन्हात उभे करणे ही काटकसर नव्हे. एखादा दिवस मुद्दाम रिकामा ठेवावा, कारण पाय दुखतात आणि थकलेला माणूस टॅक्सी करतो.

वाहनाविषयी थोडेसे. शहरातील साधे तिकीट दीड युरोला असून शंभर मिनिटे चालते. त्यात बस कितीही बदलता येतात, भुयारी रेल्वेत मात्र एकदाच शिरता येते. दहा वर्षांखालील मुलांना शहरात तिकीट नाही. चोवीस तासांचे, तीन दिवसांचे, आठवड्याचे असे पासही मिळतात, परंतु दिवसातून पाच-सहा वेळा चढउतार होणार असेल तरच रोजचा पास परवडतो. मध्य रोम बरेचसे पायी हिंडण्याजोगे आहे, त्यामुळे बहुतेकांना सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. कागदी तिकीट बसमध्ये चढल्यावर यंत्रात शिक्का मारून घ्यावे लागते. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो आणि तो दिवसभराच्या जेवणापेक्षा मोठा असतो.

विमानतळावरून शहरात येण्याचा खर्च माणसे मोजून ठरवावा. फ्युमिचिनो विमानतळ ते मुख्य स्थानक टेर्मिनी या थेट गाडीला माणशी १४ युरो पडतात. त्राश्तेव्हेरे किंवा ऑस्तियेन्से स्थानकाकडे जाणाऱ्या साध्या लोकल गाडीला ८ युरो. जुन्या तटबंदीच्या आतील कोणत्याही पत्त्यावर टॅक्सीचा ठरलेला दर ५५ युरो आहे, तोही माणशी नव्हे तर गाडीचा. एकटा माणूस टॅक्सीत बसला तर तो चैन करतो. चौघे बसले तर थेट गाडीच्या ५६ युरोंपेक्षा एक युरो कमीच पडतो आणि सामान दारापर्यंत येते. पांढऱ्या रंगाच्या अधिकृत टॅक्सीतच बसावे. आगमनकक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत मागे लागणाऱ्यांना दुरूनच नमस्कार करावा.

खाण्यापिण्यात खर्च वाढतो तो पदार्थामुळे कमी आणि बसण्याच्या जागेमुळे जास्त. कॉफीच्या दुकानात उभ्याने घेतलेली कॉफी सव्वा-दीड युरोला मिळते, तीच प्रसिद्ध चौकातील खुर्चीवर बसून घेतल्यास कितीतरी महाग पडते. पाण्याला खर्चच नाही. रोमच्या रस्त्यांवर लोखंडी तोटीचे सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ आहेत, त्यांचे पाणी थंड आणि पिण्याजोगे असते. घरून एक बाटली नेली की उन्हाळ्यात दोघांचे दिवसाला चार-पाच युरो सहज वाचतात. भाताची आठवण अनावर झाली तर टेर्मिनीजवळच्या एस्क्विलिनो बाजारात तांदूळ, डाळ, मसाले, कोथिंबीर सारे मिळते. पण अतिथिगृहात स्वयंपाक करता येतोच असे नाही, ते आधी विचारावे. घरून चटणी, थालीपिठाची भाजणी न्यावी की नाही यावर घराघरांत वाद होतात. सोलापूरची शेंगाचटणी मात्र पावाबरोबर उत्तम लागते, हे मान्य करायला हवे.

पैसे कसे न्यावेत

परकीय चलन बँकेकडून किंवा अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. पन्नास हजार रुपयांपर्यंतचीच रक्कम रोखीने देता येते, त्यापुढे धनादेश किंवा बँकेद्वारे भरणा करावा लागतो. एका प्रवासात नोटांच्या रूपात माणशी ३,००० अमेरिकी डॉलरच्या मोलाचे चलन नेता येते. एवढे रोख नेण्याची गरजही नाही. नमुन्यातील जोडप्याने तीनशे-चारशे युरो रोख, उरलेले प्रवासी चलनकार्डावर आणि शेवटचा उपाय म्हणून एक बँककार्ड वेगळ्या पिशवीत, अशी विभागणी केल्यास पुरते. टेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहे. नवऱ्याच्या खिशात सगळे आणि बायकोकडे काहीच नाही, अशी आपल्याकडची पद्धत तेथे उपयोगाची नाही.

दुकानात कार्ड दिल्यावर यंत्र विचारते, रक्कम रुपयांत घ्यायची की युरोत? रुपये पाहून बरे वाटते, पण तेथे लावलेला दर बहुधा आपल्या तोट्याचा असतो. नेहमी युरो निवडावेत. रोज रात्री दोघांनी पाच मिनिटे बसून दिवसाचा खर्च लिहावा आणि उरलेली रक्कम उरलेल्या दिवसांनी भागावी. तिसऱ्या दिवशी कळले की आपण साठ युरो पुढे गेलो आहोत, तर चार दिवसांत पंधरा-पंधरा कमी करून सावरता येते. सहाव्या दिवशी कळले तर सावरायला काही उरत नाही.

गटाने, सहल संयोजकामार्फत जाणाऱ्यांचा हिशेब निराळा, पण तोही डोळसपणे पाहिला पाहिजे. पत्रकात ‘नाश्ता व रात्रीचे जेवण’ लिहिले असेल तर दुपारचे जेवण तुमचे. ‘मोकळा वेळ’ लिहिला असेल तर त्या वेळेचा सर्व खर्च तुमचा. मुक्कामकर, चालक व मार्गदर्शक यांची बक्षिसी, संग्रहालयांची तिकिटे रकमेत आहेत का, हे लेखी विचारावे. हॉटेलचा पत्ता मागून नकाशावर पाहावा. ‘रोम’ म्हणून दाखवलेले हॉटेल शहरापासून पुष्कळ दूर निघते आणि मग संध्याकाळी स्वतःहून महामंदिरात जाऊन बसणे अशक्य होते. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेश सहलीच्या रकमेवर संयोजक आयकराची आगाऊ वसुली करतात. तिचे दर वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी लागू असलेला दर विचारावा. ही रक्कम आयकर विवरणपत्र भरल्यास हिशेबात धरली जाते किंवा परत मिळते. शेतीवर जगणारी आपली अनेक कुटुंबे विवरणपत्र भरतच नाहीत, त्यामुळे हक्काचे पैसे तसेच अडकून पडतात. संयोजकाकडून प्रमाणपत्र घ्यावे आणि गावातील करसल्लागाराला दाखवावे.

परत येताना शिल्लक राहिलेल्या युरोच्या नोटा बँकेत देऊन रुपये घेता येतात. नियमाप्रमाणे त्या १८० दिवसांत परत कराव्यात, मात्र २,००० डॉलरच्या मोलापर्यंतचे चलन पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते. नाणी सहसा कोणी बदलून देत नाही. त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत कॉफी, बसचे तिकीट आणि महामंदिरातील मेणबत्त्या नाण्यांनीच घ्याव्यात, नोटा राखून ठेवाव्यात.